बुधवारचे एक्केचाळीस फॉर्म

माझ्या आईच्या शोकेसमध्ये, चिनीमातीच्या हंसांच्या जोडीमागे, काळ्या रेक्झिनचं बाइंडिंग असलेला एक प्रोजेक्ट उभा आहे. पाहुणे आले की आई तो काढून दाखवते. वर सोनेरी अक्षरांत चार नावं आहेत, तिसरं माझं. त्या बाइंडिंगपायी काय घडलं हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आईबाबांना तर नाहीच — आणि त्यांचा तर त्यात हात आहे, अगदी शब्दशः. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्याकडे पाहुणे म्हणून येणार नाही, म्हणून असेल. दोन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या दवाखान्यात जे झालं त्यानंतर हे पोटात ठेवणं मला जड जातंय.

पण आधी मला ग्रुप प्रोजेक्टवर मनसोक्त चिडून घेऊ द्या. ती चीड खरी आहे. आणि ती मला किती वर्षं उपयोगी पडली, तेही कळेलच.

एमबीएची दोन वर्षं मी नागपूरच्याच, हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात काढली. तिथे उठसूट ग्रुप प्रोजेक्ट. आमच्या ग्रुपमध्ये चार जण. अंकितला प्रत्येक गोष्टीच्या आधी ‘एकदा अलाइन’ व्हायचं असायचं. काम नाही हं — अलाइन. कॅन्टीनच्या टेबलाशी दीड तास अलाइन होऊन झालं की ‘चलो, बढिया हो गया’ म्हणून तो हात झटकून उठायचा, आणि नक्की काय बढिया झालं ते उरलेल्या तिघांपैकी कुणालाही सांगता यायचं नाही. श्रेया स्लाइड बनवायची, म्हणजे स्लाइडचा रंग बनवायची. निळा, मग आकाशी, मग सगळ्यांना विचारून पुन्हा निळा. त्या निळ्यावर लिहायचं काय? ते मी बघायचं. का, तर ‘रश्मी, तुझी भाषा चांगली आहे ना!’ भाषा चांगली असणं हा गुन्हा आहे हे मला तिथे कळलं.

चौथा प्रफुल्ल. कुहीकडच्या एका खेड्यातला, धानाची शेती असलेल्या घरचा, कॉलेजजवळ खोली करून राहायचा. मीटिंगमध्ये तो जवळजवळ बोलायचाच नाही. दिलेलं काम करून आणायचा आणि ग्रुपवर एक शब्द टाकायचा — ‘झालं’. चिडायला त्याने कधी जागाच दिली नाही, आणि खरं सांगू? मला सगळ्यात जास्त राग त्याचा यायचा. आपण कुरकुर करत बसलेलो असताना शेजारचा माणूस मुकाट्याने काम करून मोकळा होतो, यासारखं डोक्यात जाणारं दुसरं काही नाही.

या सगळ्यावर माझ्याकडे एक औषध होतं. घर. हॉस्टेलच्या मुली मला ‘डबेवाली’ म्हणायच्या, कारण माझा डबा घरचा असायचा आणि संध्याकाळी साडेपाच वाजले की माझं लक्ष उडायचं. हिंगण्याहून हुडकेश्वरपर्यंत स्कूटीवर धूळ खात जायचं, पण आमच्या लेआउटच्या कॉलनीत वळलं की जीव भांड्यात पडायचा. बाबा स्कूटीचा आवाज ओळखून गेट उघडून उभे. कूलरसमोरची खुर्ची माझी. आईच्या हातचा, डाळीचे गोळे घातलेला गोळाभात, वर फोडणीचं तेल. ‘आज काय झालं वं कॉलेजात?’ आई विचारायची, आणि मी अंकितची, श्रेयाची, प्रफुल्लच्या त्या एकशब्दी ‘झालं’ची नक्कल करून दाखवायची. आई हसून हसून लाल. बाबा म्हणायचे, ‘तू आहेस म्हणून चाललाय तो ग्रुप.’ घरात मी कधीच चुकत नसे. घरात ग्रुप नसतो ना.

तर तिसऱ्या सेमिस्टरचा मोठा प्रोजेक्ट आला. हिंगण्याच्या एमआयडीसीतले कामगार कामावर कसे येतात — कंपनीच्या बसने की स्वतःच्या मोटरसायकलने — आणि त्याचा त्यांच्या खाड्यांशी काय संबंध, असा विषय. चार कंपन्यांची चार गेट. प्रत्येकाने एका गेटवर उभं राहून पन्नास कामगारांकडून फॉर्म भरून घ्यायचे. खाली भरल्याची तारीख टाकायची. एवढंच. ऑक्टोबरचं ऊन होतं, पण एवढंच.

मी एका सोमवारी गेले. गेटवरचा गार्ड म्हणाला, ‘मॅडम, शिफ्ट दो बजे छूटेगी.’ मी सव्वा वाजल्यापासून उभी. दोनला भोंगा झाला आणि दीडशे मोटरसायकली माझ्या अंगावरून गेल्या म्हणा ना. डोक्याला रुमाल, रुमालावर हेल्मेट, कोण थांबतंय? मी हातात फॉर्म धरून ‘दादा, दोन मिनिटं’, ‘भाऊ, जरा’ करत राहिले. तासाभरात नऊ फॉर्म झाले. नऊ. एका माणसाने तर ‘शादी का कार्ड है क्या?’ असंही विचारलं. मी स्कूटी काढली आणि कॉलेजात न जाता सरळ घरी आले. त्या गेटवर मी पुन्हा कधी गेले नाही.

इथपर्यंत मी फक्त आळशी आहे. इथे थांबता आलं असतं तर तुम्ही हसून सोडून दिलं असतं, मीही.

मंगळवारी सकाळी प्रफुल्लचा फोन आला. त्याच्या गेटचे पन्नास झाले होते — गार्ड त्याला नावाने ओळखायला लागला होता म्हणे — आणि माझे किती झाले असं तो विचारत होता. सहज विचारत होता. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते. आई सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्या, तळत होती आणि माझ्या तोंडात एक गरम वडी होती. मी ती गिळली आणि म्हणाले, ‘अरे, नाही झाले. आई ॲडमिट आहे.’

कुठून आलं ते वाक्य? मला खरंच माहीत नाही. आई माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिने झारा हवेत धरून खुणेनेच विचारलं, कोण? मी फोनवर हात ठेवून म्हणाले, ‘मैत्रिणीची आई.’ आई ‘अरेरे’ म्हणाली आणि पुढचा घाणा सोडला.

तिकडे प्रफुल्लचा आवाज एकदम बदलला. ‘काहून, काय झालं? कवापासून?’ मग म्हणाला, ‘तू काही टेन्शन घेऊ नको. तुह्या गेटचं मी पाहून घेतो. आईजवळ राहा.’ आणखी म्हणाला की शनिवारी गावाला जाताना हुडकेश्वर रस्त्यातच पडतं, तर भेटून जाऊ का आईला? आता आली का पंचाईत! मी म्हणाले, आयसीयूत आहे, कुणाला भेटू देत नाहीत. बघा, एका खोट्याला दुसरं कसं पटकन सुचतं. पाच मिनिटांत त्याने ग्रुपवरच्या तक्त्यात माझ्या कंपनीसमोरचं माझं नाव खोडून स्वतःचं टाकलं. खाली नेहमीसारखं ‘झालं’ लिहिलं. आईचं आजारपण मात्र त्याने ग्रुपवर टाकलं नाही. मी न सांगताच त्याने ते झाकून ठेवलं.

मग अंकित अलाइन झाला. सरांना लवकर ड्राफ्ट दाखवायचा म्हणून त्याने फॉर्मची मुदत शनिवारवरून गुरुवारवर आणली. प्रफुल्ल म्हणाला, त्या गेटवर मी शुक्रवारच्या आत जाऊ शकत नाही. अंकितने ग्रुपवर आठ मेसेज टाकले, श्रेयाने रडक्या चेहऱ्यांची एक रांग. माझं डोकं फिरलं. मी प्रफुल्लला वेगळा मेसेज केला — नको जाऊस, माझे झालेत, मी करून घेतले. तो म्हणाला, ‘दवाखान्यातून? कमाल हाय.’ तक्त्यातलं नाव तो बदलायला विसरला. मीही विसरले. विसरले का? की राहू दिलं? इतक्या वर्षांनी मला हे ठामपणे सांगता येत नाही, म्हणजे तुम्ही काय ते समजून घ्या.

बुधवारी दुपारी आमच्या घरी फॉर्म भरायचा कार्यक्रम झाला. मी जमिनीवर सतरंजी टाकली, एक्केचाळीस कोरे फॉर्म, पाच रंगांची पेनं. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, उभ्या आयुष्यात कुठल्या कागदावर खोटी सही न केलेला माणूस. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, ‘हे चालतं का पण?’ मी म्हणाले, ‘सगळे असंच करतात बाबा.’ शिकलेल्या मुलीने सांगितलं म्हटल्यावर ते बसले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून अर्धे फॉर्म त्यांनी डाव्या हाताने भरले. काहींचे कोपरे मी दुमडले, दोनांवर चहाचे थेंब पाडले. काय हुशार समजत होते मी स्वतःला! आई मात्र एकेक फॉर्म मनापासून भरत होती, कामगार जणू तिच्यासमोर बसलाय. ‘कामावर येताना सर्वात मोठी अडचण कोणती?’ या प्रश्नावर ती पेन गालाला लावून विचार करत बसली आणि मग तिने लिहिलं — ‘सहाच्या शिफ्टला डबा होत नाही, मग भजं खाऊन दिवस काढावा लागते.’ मला वाचून दाखवलं. आम्ही तिघंही खूप हसलो. इतकी छान दुपार होती ती. प्रत्येक फॉर्मखाली मी त्याच दिवसाची तारीख टाकली.

व्हायव्हाच्या दिवशी आम्ही चौघं ब्लेझर घालून सरांसमोर बसलो. आमचे सर फारसं कौतुक करणाऱ्यांतले नव्हते, पण त्या दिवशी ते खुशीत दिसले. त्यांनी फॉर्मच्या गठ्ठ्यातून एक काढला आणि मोठ्याने वाचला. तोच. सहाच्या शिफ्टला डबा होत नाही. ‘हे पुस्तकात सापडत नाही,’ सर म्हणाले. ‘याला म्हणतात गेटवर उभं राहणं.’ माझ्या आईचं वाक्य. मला हसू दाबावं लागलं.

मग त्यांची नजर खालच्या तारखेवर गेली. त्यांनी दुसरा फॉर्म काढला, तिसरा, दहावा. टेबलावरचं कॅलेंडर मागे उलटलं.

‘हा बुधवार आहे,’ ते म्हणाले. ‘या कंपनीला बुधवारी सुट्टी असते. मी तिथे चार वर्षं ट्रेनिंग घ्यायला जायचो. बुधवारी गेटला कुलूप असतं.’

त्या गेटवर दोनदा गेलेल्या कुणालाही हे माहीत असतं. प्रफुल्लला माहीत होतं; माझं गेट अंगावर घेतल्यावर त्याने गार्डला विचारून ठेवलं असणार. मी ते फॉर्म त्याला नुसते दाखवले असते तरी त्याने तारीख बघून मला वाचवलं असतं. पण मी गेले होते फक्त एका सोमवारी.

हे गेट कुणाकडे होतं, असं सरांनी विचारलं. अंकितने तत्परतेने लॅपटॉपवर तक्ता उघडून समोर फिरवला. चार कंपन्या, आणि त्यांतल्या दोन कंपन्यांसमोर एकच नाव. सरांनी प्रफुल्लकडे पाहिलं. प्रफुल्लने माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंही त्याने केलं नाही. तो म्हणाला, ‘बुधवारी मी तिथं गेलो नव्हतो सर.’

शब्दन् शब्द खरा. आणि मग तो थांबला. ती जी जागा त्याने सोडली होती ना, ती माझ्यासाठी होती. किती वेळ होती? पंख्याचे पाच-सहा फेरे असतील. मला बोलता आलं असतं. मी ब्लेझरचं बटण बघत बसले.

सर म्हणाले, ‘रिपोर्टमधलं या गेटचं प्रकरण रश्मीने लिहिलंय. तुमच्याकडे हे फॉर्म कसे आले?’

मी म्हणाले, ‘प्रफुल्लने दिले सर. मला वाटलं, त्याने खरंच भरून घेतलेत.’

हेच ते. एवढ्यासाठी मी तुम्हाला इतकं फिरवून आणलं. गप्प बसणं एक वेळ भेकडपणा म्हणता येतो — माणूस घाबरतो, जीभ उचलत नाही, समजू शकतो आपण. पण मी गप्प बसले नाही. मी स्वच्छ आवाजात, व्याकरणशुद्ध, दोन वाक्यं बोलले. माझी भाषा चांगली होती ना.

प्रफुल्लने मान वर केली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरांना म्हणाला, ‘बराबर हाय सर.’

बाहेर कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या नळाशी त्याने मला गाठलं. मला वाटलं, आता हा चिडणार. मला ते चाललं असतं! माझ्याकडे उत्तरं तयार होती — तुझंच नाव होतं तक्त्यात, तूच नाही बदललंस. तो म्हणाला, ‘आईले सुट्टी झाली का दवाखान्यातून?’

मी म्हणाले, ‘हो. घरी आहे.’

‘मंग झालं,’ तो म्हणाला. ‘आई तशी असताना तुले कुठं जमणार होतं गेटवर जाणं. मी समजलो ते. जाऊ दे.’

समजलं का तुम्हाला? त्याला वाटलं, मी आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून, रडत-बिडत, ते फॉर्म भरले. म्हणून त्याने स्वतःवर घेतलं. त्याने माझ्यासाठी घेतलंच नाही, माझ्या आजारी आईसाठी घेतलं. आणि ती आई त्या वेळी घरी कूलरची जाळी धूत होती.

सरांनी आम्हा तिघांचे मार्क ठेवले आणि त्याला प्रोजेक्टमध्ये नापास केलं. प्रोजेक्टमध्ये नापास असलेल्याला कॅम्पसच्या मुलाखतींना बसता येत नसे. कामगारांच्या बस चालवणारी एक कंपनी दरवर्षी आमच्या कॉलेजातून दोघांना घ्यायची. प्रफुल्लचं सगळं लक्ष त्या कंपनीकडे होतं. कॅन्टीनमध्ये एकदाच तो आपणहून स्वतःविषयी बोलला होता, तेव्हा म्हणाला होता, ‘लागलो तं आईले इकडंच आणतो. तिच्या डोळ्याचं पाहाचं हाय, गावात राहून होत नाही ते.’ मला हे माहीत होतं. व्हायव्हाच्या खोलीतही माहीत होतं. अंकितने त्याला त्याच दुपारी व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. श्रेयाने फेसबुकवर विश्वासघाताविषयी एक लांबलचक पोस्ट टाकली, ती मी लाइक केली. प्रफुल्ल खोली सोडून गावी गेला. त्याने प्रोजेक्ट सहा महिन्यांनी पुन्हा दिला असं कळलं, पण तोवर मुलाखतींचा मोसम संपला होता.

मी सरांच्या सांगण्यावरून बुधवारचे फॉर्म वगळून प्रकरण पुन्हा लिहिलं. आधी बाइंड केलेली प्रत वाया गेली म्हणून घरी आणली. तीच आईने शोकेसमध्ये ठेवली. ‘माहं एक वाक्य आहे त्याच्यात,’ ती पाहुण्यांना सांगते.

मला कॅम्पसमधूनच पुण्यात नोकरी लागली, आणि मी ती चौदा महिन्यांत सोडून आले. का? तर घराची आठवण येत होती. भाड्याच्या खोलीत वरणाला चव नव्हती, ऑफिसात परत सगळे ग्रुपच होते. बाबांनी स्टेशनवरून आणलं, आईने दृष्ट काढली, मी कूलरसमोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, आता कुठे बरं वाटतंय. एकाच्या वाट्याची मुलाखत मोडून मिळवलेली नोकरी मी चवीचं वरण नाही म्हणून सोडली. मी घरी परत आले ते लाडाकोडाने. त्याचं घरी परतणं कसं झालं असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. आणि आता मी काय काम करते माहितीये? एका कंपनीत नव्या पोरांचं ट्रेनिंग घेते. विषय — टीमवर्क. दर तिमाहीला मी पोरांपुढे उभी राहून ग्रुप प्रोजेक्टमध्ये लोक कसे अंग काढून घेतात यावर नकला करून दाखवते. खूप हसतात पोरं. इतकी वर्षं मी ही गोष्ट अशीच स्वतःला सांगत आले — अंकितने तक्ता फिरवला, श्रेया रंगात अडकली, प्रफुल्लने नाव बदललं नाही. दुसऱ्यांवर चिडत राहिलं की दोषींच्या यादीत आपलं नाव शोधावं लागत नाही.

दोन महिन्यांपूर्वी आईला मोतीबिंदूच्या तपासणीला घेऊन गेले होते. डोळ्यांत थेंब टाकून आम्हाला बाहेर बाकावर बसवलं होतं. समोरच्या बाकावर एका म्हातारीचा हात धरून एक माणूस बसला होता, कानाजवळ केस पांढरे. तो उठून आला आणि म्हणाला, ‘ओळखलं का?’

मी ओळखलं. कुहीत एका धानाच्या मिलवर सुपरवायझर आहे, लग्न झालंय, दोन मुली. त्याच्या आईचा एक डोळा काचबिंदूने गेलाय, दुसरा वाचवायला महिन्याला फेरी असते. हे त्याने असं सांगितलं जसं कुणी बसची वेळ सांगतं. मग तो माझ्या आईकडे वळला. वाकून, तिला नीट दिसावं म्हणून जवळ तोंड नेऊन म्हणाला, ‘काकू, तुमची तब्येत बरी राहते न आता? तवा लय दिवस आयसीयूत होत्या तुमी.’

आई हसली. ‘मी? नाही गा. दोन बाळंतपणं सोडली तं मी दवाखान्यात कधी राहिलीच नाही. हे डोळ्याचंच पहिलं.’

मी काही तरी बोलायला हवं होतं. आई बोलत राहिली. तुम्ही एमबीएचे का, मग तुम्हाला तो प्रोजेक्ट माहीत असेल — ‘आमच्या घरीच तं भरले सारे फॉर्म! हिचे बाबा डाव्या हातानं लिहून राहिले होते, मी इकडं वड्या करू का फॉर्म भरू!’ आणि ती, डोळ्यांत थेंब असलेली, समोर काहीच नीट न दिसणारी, तोंडभर हसली.

प्रफुल्लही हसला. मग त्याने विचारलं, ‘ते डबा होत नाही म्हणून, भजं खावं लागते, ते तुमीच लिहिलं होतं का काकू?’

‘हो ना!’ आई म्हणाली. ‘आठवते तुम्हाला?’

‘आठवते,’ तो म्हणाला. ‘चांगलं लिहिलं होतं.’

आतून त्याच्या आईचं नाव पुकारलं. ‘येतो काकू, डोळे सांभाळा,’ म्हणून तो गेला. म्हातारीला धरून, पायरी आली की ‘पायरी हाय’ असं सांगत. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्याला राग आला असेल की नाही, मला सांगता येत नाही. आणि तो डोळा माझ्यामुळे गेला असं मी म्हणणार नाही, तेवढं कुणालाच माहीत नसतं. पण माझ्यामुळे गेला नाही असंही मला म्हणता येत नाही.

परतताना ऑटोत आई म्हणाली, ‘भला माणूस आहे. पण त्याले कोणं सांगितलं वं, मी आयसीयूत होती म्हणून?’

आता तरी. ऑटोत आम्ही दोघीच होतो, सिग्नल लाल होता, वेळ होता. मी म्हणाले, ‘त्याचा काहीतरी गोंधळ झाला असेल.’

म्हणजे पुन्हा त्याच्यावरच ढकललं. आई ‘असन’ म्हणाली. घरी आलो, बाबांनी गेट उघडलं, मी आईला पलंगावर निजवून चहा ठेवला आणि ओट्याशी उभी राहून शोकेसकडे बघत राहिले.

सरांचा प्रश्न अजून तिथेच आहे. तुमच्याकडे हे फॉर्म कसे आले?

माझेच आहेत सर. प्रफुल्लने दिले नाहीत. माझी आई आजारी नव्हती. मी घरी बसून भरले, आणि बुधवारी त्या गेटला कुलूप असतं हे मला माहीत नव्हतं.